गव्हर्नरचा स्क्रू की कार्बोरेटरचा जेट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पेट्रोल जनरेटरच्या पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीवरील माझा लेख वाचून आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : भार नसताना इंजिनाचा आवाज सारखा वरखाली होत असेल तर इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरला हात न लावता पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरकडे वळा, असे सांगून मी सामान्य माणसाला नसत्या उठाठेवीला लावतो, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आपल्या मिस्त्रींनी गव्हर्नरचा स्क्रू थोडा आवळून हाच दोष पाच मिनिटांत घालवला, आणि पेट्रोलमधल्या इथेनॉलचा मी उगाच बाऊ करतो.

स्क्रू आवळल्यावर आवाज स्थिर झाला, हे मला मान्य आहे. दोष गेला, हे मात्र मान्य नाही.

गव्हर्नरचे काम इंजिनाचे फेरे कायम राखण्याचे. इंधनाचे मिश्रण पातळ पडले, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी आले, की फेरे उतरतात. गव्हर्नर थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या मिश्रणाची झडप, उघडतो. इंजिन उसळून गरजेपेक्षा वर जाते. गव्हर्नर थ्रॉटल मिटतो आणि मिश्रण पुन्हा पातळ पडते. आपण ऐकता तो चढउतार या चक्राचा असतो. भार नसताना थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असल्याने पेट्रोल मुख्यतः पायलट जेट या छोट्या तोटीच्या बारीक भोकातून येते, आणि तेच भोक सर्वांत आधी तुंबते. स्क्रू आवळल्याने स्प्रिंगचा ताण वाढतो, थ्रॉटल अधिक उघडा राहतो आणि मेन जेट (मुख्य तोटी) पेट्रोल देऊ लागतो. आवाज शांत होतो खरा, पण पायलट जेट तुंबलेलाच राहतो आणि फेरे मात्र वाढतात. दोन चुंबकीय ध्रुवांच्या (पोलांच्या) जनरेटरला 50 हर्ट्‌झसाठी मिनिटाला 3000 फेरे लागतात. ते 3300 झाले की वारंवारता 55 हर्ट्‌झवर जाते, आणि व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर नसलेल्या कपॅसिटरच्या यंत्रात व्होल्टेजही चढते. त्याचा भुर्दंड घरातल्या फ्रिजला आणि टीव्हीला बसतो.

आपल्या मिस्त्रींच्या हाताला मी नावे ठेवत नाही. कोल्हापुरात डिझेल इंजिनांवर कारागिरांच्या पिढ्या तयार झाल्या, आणि डिझेल इंजिनात गव्हर्नर थेट इंधन पंपाचा रॅक, म्हणजे इंधनाचे प्रमाण ठरवणारी दांडी, हलवतो, तिथे जेट नावाची वस्तूच नसते. अशा इंजिनावर शिकलेला हात आधी गव्हर्नरकडे जाणे स्वाभाविक आहे. पेट्रोलच्या लहान इंजिनावर मात्र तीच सवय दिशाभूल करते.

वाद मिटवायला काहीही उघडावे लागत नाही. स्क्रू पूर्वीच्या जागी आणा, इंजिन चांगले गरम होऊ द्या आणि भार न लावता चोक हळूहळू अर्धा ओढा. चोकमुळे हवा कमी होऊन मिश्रण घट्ट होते. तेवढ्याने चढउतार थांबला, तर मिश्रण पातळ होते हे ठरले. मग कारण एकतर तुंबलेला जेट, नाहीतर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या गॅस्केटमधून शिरणारी हवा. चोकने काहीच फरक पडला नाही, तर गव्हर्नरची दांडी वाकलेली, अडखळणारी किंवा स्प्रिंग चुकीच्या भोकात अडकवलेली असू शकते, आणि तसे असेल तर आपले मिस्त्री योग्य जागी हात घालत होते, असे मी मोकळेपणाने म्हणेन.

जेट साफ करताना घाई नको. आधी टाकीकडून येणाऱ्या पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतले पेट्रोल एका काचेच्या भांड्यात काढा. तळाशी पाण्याचे थेंब किंवा पांढरट चुरा दिसला तर निम्मे उत्तर तिथेच मिळते. जेट पितळेचा असतो आणि त्याचे भोक एक मिलिमीटरहूनही लहान, म्हणून त्यात सुई किंवा पोलादी तार घालू नये. भोक जरा मोठे झाले तरी इंजिन कायमचे जास्त पेट्रोल पिऊ लागते. कार्ब क्लीनर मारून थोडा वेळ भिजत ठेवावा, लवचिक वायरीतला तांब्याचा एकच बारीक धागा फिरवावा, हवा मारावी आणि जेट उजेडाकडे धरून पाहावा. भोक स्वच्छ, गोल दिसले पाहिजे. मेन जेटवरच्या नळीच्या बाजूची भोके हमखास विसरली जातात, तीही याच वेळी पाहून घ्यावीत.

आता इथेनॉल. देशातल्या पेट्रोलमध्ये 2022 साली दहा टक्के इथेनॉलचे प्रमाण गाठले गेले आणि 2025 साली वीस टक्के. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखानेच ते बनवतात, तेव्हा त्याच्याशी माझे वैर असण्याचे कारण नाही. पण इथेनॉल हवेतली ओल शोषते. पाणी प्रमाणाबाहेर झाले की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि कार्बोरेटरकडे तेच आधी जाते. शिवाय इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने त्याच जेटमधून येणारे मिश्रण थोडे पातळ पडते, आणि कार्बोरेटरला ते आपोआप सुधारता येत नाही. रोज धावणाऱ्या दुचाकीत पेट्रोल आठवड्याभरात संपते, त्यामुळे तिला साठवणुकीचा त्रास होत नाही. आपल्याकडचे घरगुती जनरेटर तसे चालत नाहीत. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर अनेकांनी ते घेतले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 39 फुटांची इशारा पातळी गाठली की ते बाहेर निघतात, आणि एरवी वर्षभर टाकीत पेट्रोल ठेवून जिन्याखाली पडून असतात. म्हणूनच पावसाळा संपल्यावर टाकी रिकामी करावी, कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे आणि वाटीचा तळाचा स्क्रू सोडून उरलेले थेंबही काढावेत, असे मी लिहिले होते. ते मी मागे घेत नाही.

जेट साफ झाल्यावर गव्हर्नरचा आवळलेला स्क्रू तसाच ठेवू नका. वारंवारता दाखवणारा मल्टिमीटर घेऊन भार नसताना 51 ते 52 हर्ट्‌झ येतील इतका तो सैल करा, मग इस्त्रीसारखा भार लावून 50 च्या आसपास आकडा टिकतो का ते पाहा. हे काम जनरेटर उघड्यावर ठेवूनच करायचे, जिन्यात किंवा गॅलरीत नाही, कारण धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.