८ आणि ३ चा घोळ, आणि "कोड वाचा" म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

मागच्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंत की ओपीपी-सपोर्टेड-एचडब्ल्यू ही प्रॉपर्टी (डिव्हाइस ट्री, म्हणजे कर्नलला हार्डवेअरची माहिती देणारी फाइल, तिच्यातली ओळ; कुठली फ्रिक्वेन्सी चिपच्या कुठल्या प्रकारांना चालेल ते ती सांगते) म्हणजे नुसतं बिटमास्कचं अँड (दोन आकड्यांत एखादा बिट सामायिक आहे का ते बघणं), फंक्शन एका स्क्रीनवर मावतं, त्यावर एवढं पुराण कशाला, ज्याला हवं तो कोड वाचेल. आणि वर माझं आय.एमएक्स ८एम मिनी या एनएक्सपीच्या चिपचं उदाहरणच चुकलंय, लेव्हल कुठली आणि ग्रुप कुठला हे मलाच कळलेलं नाही. शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे.

चुकलंच. त्या चिपच्या डिव्हाइस ट्रीमधे १.८ गिगाहर्ट्झच्या ओपीपीला (पोस्ट न वाचलेल्यांसाठी: ओपीपी म्हणजे फ्रिक्वेन्सी आणि तिला लागणारं व्होल्टेज यांची जोडी) एका कोनी कंसात ८, मग स्वल्पविराम, मग दुसऱ्या कंसात ३ असं लिहिलंय. लिनक्सच्या बाइंडिंग डॉक्युमेंटमधे (प्रॉपर्टीचा अर्थ काय ते तिथे लिहिलेलं असतं) असे स्वल्पविरामाने तोडलेले कंस म्हणजे वेगवेगळे ग्रुप, त्यातला कुठलाही एक जुळला की ओपीपी चालू. मी तसंच वाचलं आणि तसंच लिहून मोकळा झालो. खरं तर तिथे ग्रुप एकच आहे आणि त्याच्या लेव्हल दोन, पहिली स्पीड ग्रेड, दुसरी मार्केट सेगमेंट, आणि दोन्हीकडे अँडचं उत्तर शून्य येता कामा नये. ३ म्हणजे कन्झ्युमर आणि एक्स्टेंडेड कन्झ्युमर हे दोन बिट, इंडस्ट्रियलचा बिट त्यात नाहीच, म्हणून इंडस्ट्रियल चिप १.६ वर थांबते, तिथे दुसरा आकडा ७ आहे, म्हणजे तिन्ही बिट. माझ्या हिशोबाने नुसती ग्रेड जुळली तरी १.८ मिळालं असतं!

पण आता गंमत बघा. डिव्हाइस ट्री कंपाइल झाली की कंस उडून जातात, उरतात फक्त एकापाठोपाठ एक ३२ बिटांचे आकडे. कर्नलला मिळतात ८ आणि ३, बस. त्यांचे दोन ग्रुप की एकाच ग्रुपच्या दोन लेव्हल हे ठरतं ते ड्रायव्हरने चिपच्या व्हर्जनचे किती आकडे दिलेत (लेव्हलमागे एक) त्यावरून. म्हणजे तुम्ही म्हणताय ते एका स्क्रीनचं फंक्शन शंभरदा वाचलं तरी पहिला आकडा स्पीड ग्रेडचा आहे हे तिथे कुठेच लिहिलेलं नाही, त्यासाठी त्या चिपचं वेगळं बाइंडिंग किंवा ड्रायव्हर उघडायचा, मग फ्यूजचे (चिपमधे कायमचे लिहिलेले) बिट कुठे ते बघायला मॅन्युअल उघडायचं. माझी चूक झाली ती बरोबर याच फटीत.

टीआयची (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) एएम३३५एक्स ही चिप घ्या. तिथे १ गिगाहर्ट्झच्या नायट्रो ओपीपीला पहिला आकडा ४ आहे. नवखा माणूस वाचणार "व्हर्जन ४". तो तिसरा बिट आहे, म्हणजे सिलिकॉनचं २.१ रिव्हिजन आणि फक्त तेच. दुसरी लेव्हल ई-फ्यूजची, आणि त्या चिपमधे फ्यूजचा बिट १ असेल तर ओपीपी बंद असा उलटा अर्थ आहे, तो ड्रायव्हर सुलटा करून घेतो, मग अँड लागतं. टीआयच्या बाइंडिंगमधे पहिली लेव्हल रिव्हिजनची आणि दुसरी ई-फ्यूजची हे सरळ लिहिलंय.

बिट आणि आकडा यांच्या घोळात मी स्वतः दीड दिवस घालवलाय. बोर्डवर सगळ्यात वरची फ्रिक्वेन्सी दिसेना, म्हणून आधी रेग्युलेटरवर संशय, मग क्लॉकवर. शेवटी कळलं की रिव्हिजन ३ साठी मी मास्कमधे सरळ ३ टाकलं होतं, हवं होतं ८ (तिथे रिव्हिजनची मोजणी शून्यापासून, म्हणून चौथा बिट). अँड शून्य, ओपीपी गुपचूप गायब, कारण तो मेसेज डीबग लेव्हलचा आहे, एरवी लॉगमधे दिसतच नाही. हे बरं म्हणायचं. उलटी चूक झाली, म्हणजे नको त्या चिपला बिट लागला, तर बोर्ड टेबलावर मस्त चालतो आणि तापल्यावर कधीतरी मरतो, आणि तेव्हा या ओळीची आठवण कुणालाही येत नाही.

अजून एक, हे पोस्टमधे राहून गेलं होतं. ड्रायव्हरने व्हर्जन दिलंच नाही आणि ओपीपीवर ही प्रॉपर्टी आहे, तर कर्नल ती ओपीपी घेत नाही, कारण तपासायला काही हातात नाही. आणि ड्रायव्हरने दिलं पण एखाद्या ओपीपीवर प्रॉपर्टी लिहायची राहिली, तर तीही बाद. "काही लिहिलं नाही म्हणजे सगळ्यांना चालतं" असं नाहीये, सगळ्यांना चालवायचं तर सगळे बिट १ करून तसं लिहावं लागतं.

ग्रुप मुळात आले का, असंही तुम्ही जाता जाता विचारलंत. २०२० च्या आधी एका ओपीपीला एकच ग्रुप लिहिता यायचा. समजा कट १ ला (कट म्हणजे सिलिकॉनची आवृत्ती) प्रोसेस १ चालते आणि कट २ ला प्रोसेस २, तर दोन्ही लेव्हलला मास्क ३ लिहावा लागणार, आणि मग कट १ सोबत प्रोसेस २ सुद्धा आत शिरते, जी कुणी टेस्टच केलेली नाही. दोन ग्रुप लिहिले की ही भानगड मिटते.

आणि "कोड हेच डॉक्युमेंटेशन" हे निदान डिव्हाइस ट्रीच्या बाबतीत तरी मला पटत नाही. डीटीबी (कंपाइल झालेली डिव्हाइस ट्री) बोर्डवर कुठेतरी पडून असते, कर्नल मागाहून बदलतो, जुन्या फाइलने नव्या कर्नलवर चालायलाच हवं अशी अपेक्षा असते, आणि तीच फाइल दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही वाचू शकते. आजचा ड्रायव्हर त्या आकड्याचं काय करतो हे कोडमधे दिसेल, पण उद्या कुणी ड्रायव्हर बदलला तर चूक ड्रायव्हरची की फाइलची हे ठरवायला तिसरं काहीतरी लिहिलेलं लागतंच ना.

पोस्ट लांबली होती हे मात्र कबूल, इतिहासाचा परिच्छेद काढून टाकलाय. मिनीचं उदाहरण दुरुस्त करून खाली तुमच्या कमेंटमुळे बदललं असं लिहिलंय, आणि बिटांचा तक्ता तसाच ठेवलाय. त्यात इंडस्ट्रियलचा बिट तिसरा धरलाय, तेवढा एकदा तुमच्याकडच्या मॅन्युअलशी ताडून बघाल का?