म्हणे, आमच्या गावातलं कुणी नाही

आज २६ जुलै. चुलत्यांच्या सातबाऱ्याच्या कामासाठी माहेरी आले होते. चावडीपुढे कारगिल विजय दिवसाचा कार्यक्रम होता, म्हणून थांबले. सकाळपासून भुरभुर पाऊस. शाळेची पोरं चिखलात रांगेने उभी, कागदी झेंडे भिजून काड्यांना चिकटलेले. पाहुणे बोलायला उठले. बोलत होते चांगलं. टोलोलिंग, टायगर हिल, अंगावर येणारा चढ, वरून होणारा गोळीबार. पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. आणि मग ते म्हणाले, "या गावाचं भाग्य थोर, की इथल्या कुठल्याही माऊलीवर अजून ती वेळ आली नाही."

टाळ्या वाजल्या. सगळ्यांनी वाजवल्या. मास्तरांनी, पंचांनी, माझ्या चुलत्यांनीसुद्धा.

त्यांच्या पाठीमागे, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, चावडीच्या भिंतीत तो दगड आहे. मंडपाचा दोर त्याच्याच वरच्या खिळ्याला बांधला होता आणि दोरावरून ठिबकणारं पाणी अक्षरांवरून ओघळत होतं. वर इंग्रजी, खाली मराठी. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून ३८ माणसं गेली, त्यातली ५ मेली. एवढंच. सातारा जिल्ह्यात असे दगड गावोगाव आहेत, तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या गावात असतील. सही करायला, रेशनला, मतदानाला आपण त्याच भिंतीला टेकून उभे राहतो.

पाच माणसं. पाच माऊल्या. आणि म्हणे वेळ आली नाही.

त्या पाचांतले एक माझे पणजोबा. मी तिथल्या तिथे उठून बोलायला हवं होतं. बोलले नाही. माहेरवाशिणीने भर सभेत पाहुण्याला अडवायचं कसं, असं मनात आलं आणि बसून राहिले. दुपारपासून तेच आतून कुरतडतंय, म्हणून हे लिहितेय.

माझी पणजी मी पाहिलेली आहे. थोरली आई म्हणायचो तिला. मी आठ वर्षांची असताना गेली, १९७८ साली. पाठीतून पार वाकलेली, पण म्हाळाच्या दिवसांत घरात हुकूम तिचा. आमच्याकडे सगळ्यांचे म्हाळ ज्याच्या त्याच्या तिथीला व्हायचे. पणजोबांचा सर्वपित्रीला, कारण तिथीच कुणाला माहीत नव्हती. त्या दिवशी ती स्वतः चुलीपुढे बसायची. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, कढी. पान वाढलं की बाकीच्यांचं घराच्या कौलावर ठेवायचं, पण पणजोबांचं पान ती कौलावर ठेवू द्यायची नाही. पदराखाली झाकून, काठी टेकत, गावाबाहेर चालत जायची. ओढ्याच्या पलीकडे गाडीवाट कोरेगावच्या रस्त्याला मिळते, तिथे एक बाभळ होती. तिच्या बुडाशी पान ठेवायची आणि कावळा शिवेपर्यंत उन्हात बसायची. मी तिचा तांब्या धरायला बरोबर.

एकदा मी विचारलं, आपल्या कौलावर का नाही ठेवत गं? म्हणाली, "घरात गेलेल्यास्नी घर सापडतंय बाळा. त्ये अजून वाटंवरच हायती."

त्या बाभळीपाशी तिने त्यांना शेवटचं पाठमोरं पाहिलं होतं. तिथून ते कोरेगाव टेशनाला गेले, तिथून आगगाडी, पुढे बोट, पुढे आजच्या इराकातलं बसरा. आमच्याकडे मेसोपोटेमिया वगैरे कुणी म्हणत नाही. बसऱ्याला गेले, एवढंच. ती तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची, मांडीवर माझे आजोबा.

आता लोक म्हणतील, आणि आज संध्याकाळी एका भावाने तोंडावर म्हटलंच, की ते काय देशासाठी लढले का? इंग्रजांच्या पगारावर होते, साम्राज्यासाठी मेले. बरं, खरं आहे. ११ रुपये महिना मिळायचा शिपायाला. आमच्याकडच्या कोरडवाहू रानात पाऊस दगा देतो, त्यात सावकार, त्यात तीन भावांत चार एकर. ११ रुपयांसाठी गेले. पण एवढा हिशोब मांडायचाच असेल तर हेही मांडा, की १९१८ साली खुद्द गांधीजी गुजरातेत खेडा जिल्ह्यात गावोगाव सैन्यभरतीसाठी फिरत होते. तेव्हा शहाण्यासुरत्या पुढाऱ्यांनाही वाटत होतं की या मदतीच्या बदल्यात इंग्रज काहीतरी देईल. आणि तुम्ही वीस वर्षांच्या, अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याच्या पोराला शंभर वर्षांनी जाब विचारताय, तू कुणासाठी मेलास म्हणून?

शिवाय आपलाच जिल्हा बघा. याच साताऱ्यात १९४३ नंतर नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, आणि त्याच वेळी, दुसऱ्या महायुद्धात, याच गावांतली पोरं इंग्रजांच्या फौजेतून इटलीत डोंगर चढत होती. आपली माणसं दोन्हीकडे होती. एकाला मान द्यायचा म्हणून दुसऱ्याला पुसून टाकायची काय गरज आहे? एकाच विहिरीचं पाणी प्यायलेली माणसं ती.

थोडं शांत होऊन लिहिते.

पणजोबा इराकातल्याच कूट गावच्या वेढ्यात होते असं घरात सांगतात. मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या तिथे, १०३, ११० आणि ११७ नंबरच्या. १९१५ च्या ७ डिसेंबरपासून १९१६ च्या २९ एप्रिलपर्यंत तुर्कांनी इंग्रजांच्या फौजेला तिथे वेढून धरलं. जवळजवळ पाच महिने. धान्य संपलं, घोडे कापायला लागले. आपल्यातल्या कितीतरी शिपायांनी धर्मापायी घोड्याचं मांस खायला नकार दिला आणि उपाशी राहिले. शेवटी १३ हजारांच्या आसपास माणसं शरण गेली आणि त्यांना वाळवंटातून चालवत नेलं. त्या चालीत माणसं पटापट मेली. आमच्या गावचा एक जण त्यातून वाचून परत आला. त्याने थोरल्या आईच्या दारात उभं राहून सांगितलं की वाटेत खाली बसले ते उठलेच नाहीत. आत यायलाही तयार नव्हता म्हणे, उंबऱ्याबाहेरूनच बोलून गेला.

वाटेत. म्हणून ती वाट म्हणायची. हे मला कळायला चाळीशी उलटावी लागली. लहानपणी वाटायचं, म्हातारी काहीतरी बोलतेय.

आणि आता मला खरोखर चीड कशाची आहे ते सांगते. पराक्रम गाजवला तर नाव मिळतं. मिळालंच पाहिजे. रायगडातल्या माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगावचे. २२ वर्षांचे होते. १० जुलै १९४४ ला इटलीत, सोबतची सगळी माणसं पडल्यावर एकटे मशीनगनवर धावून गेले आणि गोळ्या भरायला वेळ नाही म्हणून शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. तिथे गेले की मी हात जोडते. पण जो तापाने मेला, जो उपाशी मेला, जो चालता चालता खाली बसला, त्याचं काय? त्याचा आकडा. "३८ गेले, ५ मेले." जनावरं मोजतात तसं.

आणि हे फक्त आमच्या चावडीवर नाही. बसऱ्याला इंग्रजांनी मोठं स्मारक बांधलं, समाधी न सापडलेल्या ४० हजारांवर माणसांचं. त्यात गोऱ्यांची नावं कोरली, आपल्या अधिकाऱ्यांची कोरली, आणि आपल्या साध्या शिपायांचे आकडे टाकले. अमुक पलटण, आणि इतके शिपाई. हे त्यांनी स्वतः कबूल केलंय, २०२१ साली युद्धात मेलेल्यांच्या समाध्या आणि स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल समाधी आयोगाने अहवाल काढून माफी मागितली. १०० वर्षांनी का होईना, मागितली. आपण कुणाची मागितली?

दिल्लीत २०१९ साली राष्ट्रीय युद्धस्मारक झालं, २५ हजारांहून जास्त नावं, प्रत्येकाचं वेगळं. मी गेले होते, एका नावावर बोट फिरवून आले, ओळखीचं नव्हतं तरी. पण ते स्वातंत्र्यानंतरचे. आमचे पाच तिथे बसत नाहीत. इंडिया गेटवर १३ हजारांच्या पुढे नावं आहेत, आणि पहिल्या महायुद्धात भारताची ७४ हजार माणसं गेली. म्हणजे दिल्ली आमच्या पाचांना पुरणार नाही. ते आमचं आम्हीच करायचं. शेजारचं मिलिटरी अपशिंगे बघा. ४६ माणसं त्या एका गावाची पहिल्या महायुद्धात गेली, आणि तिथलं लहान पोरही तो आकडा सांगतं. घराघरात फौजी आहे, म्हणून आठवण जिवंत राहिली. आमच्या गावात भरती कमी होत गेली, पोरं पुण्याला कंपन्यांत लागली, आणि दगड भिंतीत मिसळून गेला. पाहुण्यांना तरी काय दोष देऊ? त्यांना कुणी सांगितलंच नसेल. माणूस वाईट वाटला नाही. स्वतः वीस वर्षं नोकरी करून आलेला, बोलताना आवाज भरून येत होता त्याचा.

थोरल्या आईने पणजोबांचं नाव एकदाही घेतलं नाही. तेव्हा नवऱ्याचं नाव घेत नसत. फार तर उखाण्यात घ्यायचं, पण विधवेला उखाणा कोण घालतं? म्हणजे विशीच्या आत जे तोंडातून गेलं ते गेलंच, ऐंशी वर्षांची होईपर्यंत ते नाव तिच्या ओठांवर आलं नाही. "त्ये." कायम "त्ये". मला नाव कळलं ते आजोबांच्या जुन्या दाखल्यावरच्या मधल्या नावावरून. तिने रिवाजाने घेतलं नाही, दगडाने घेतलं नाही, बसऱ्याने घेतलं नाही. मग ते नाव कुठे उच्चारलं गेलं हो? पलटणीच्या हजेरीत. तिथेच शेवटचं.

भाच्याने दोन वर्षांपूर्वी मोबाईलवर त्या आयोगाची यादी उघडून दिली होती. आता सगळी नावं त्यात शोधता येतात. आमचं नाव टाकलं तर तीन निघाले. तिन्ही मराठ्यांच्या पलटणीतले, तिन्ही बसरा. त्यातले आमचे कोणते? भाचा म्हणाला, मावशी, एक धरून चाल. असं कसं धरून चालू? दुसरे दोघेही कुणाच्या तरी बाभळीखाली वाढलेल्या पानाचे धनी असतील.

कार्यक्रम संपल्यावर मी दोर सोडला आणि पदराने दगड पुसला. दोन-तीन पोरी जवळ आल्या, "काकू, काय लिहिलंय?" मी म्हटलं, तुम्हीच वाचा. त्यातली एक मोठ्याने वाचत गेली, "पाच" म्हणून थांबली आणि विचारलं, "कोण पाच?"

त्या पोरीमुळे दुपारी घरोघर फिरले. एक आमचे. दुसरे बौद्धवाड्यातले निघाले. महारांची भरती इंग्रजांनी बंद करून टाकली होती ती १९१७ ला परत सुरू झाली, १११ नंबरची पलटण उभी राहिली, तिच्यात गेले आणि तापाने वारले. त्या घरात नाव अगदी पक्कं आहे, आजोबा-पणजोबा सगळी साखळी तोंडपाठ. शंभर वर्षांत त्यांना त्या दगडाबद्दल विचारायला मी पहिली गेले, हे त्या घरच्या आजी हसत म्हणाल्या. मला मान वर करवेना. तिसऱ्यांचं आडनाव कळलं, घराणं वरच्या आळीतलं, पण मुंबईला गेलं गिरणीच्या काळात आणि जागा विकली. उरलेल्या दोघांचं काहीच नाही.

चुलते आधी म्हणाले, कशाला उकरतेस आता. संध्याकाळी त्यांनीच माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढून दिली. वर उंदराने कुरतडलेला एक कागद आहे, पेन्शनीचा असावा, नंबर अर्धा दिसतो. उद्या उजेडात नीट बघायचा आहे. तो नंबर जुळला तर तिघांतले आमचे कोणते ते कळेल.

गावाचं नाव आणि पणजोबांचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. आधी त्या भिंतीवर, पाचही एकदम, एका ओळीत. खर्चाचं मी बघते, सरपंचांनी हो म्हटलंय. कोरेगाव तालुक्यातले, आमच्या वरच्या आळीशी नातं असलेले, आजोळ असलेले कुणी हे वाचत असाल तर मला इनबॉक्समध्ये कळवा. घरात बसऱ्याची काही गोष्ट असेल, कागद असेल, बिल्ला असेल, नुसतं "त्ये" असेल तरी चालेल. सर्वपित्रीच्या आत करायचं आहे. बाभळ आता नाही, रस्ता रुंद केला तेव्हा गेली, पण जागा मला माहीत आहे. यंदा पान मी घेऊन जाणार आहे.