पडदा शिक्षकाच्या जागी नको, हाताशी हवा

सर, सहावी ते आठवीच्या गणितासाठी आठवड्यातले काही तास संगणकावर आणि बाकीचे फळ्यापाशी, असं मी मागच्या लेखात सुचवलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "करोनात मोबाइलच्या शाळेनं मुलांचं किती नुकसान केलं ते बघूनही हे सुचतं कसं? प्रत्येकाला वेगळं शिकवायचं म्हणजे प्रत्येकाला पडद्यासमोर बसवायचं आणि शिक्षकाला राखणदार करायचं!" आयुष्यभर शाळा चालवलेल्या मुख्याध्यापकांची ही काळजी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

करोनात वर्गातला पाठ तसाच्या तसा मोबाइलवर आला. ज्याला भागाकार येत नव्हता त्यालाही समीकरणांचाच व्हिडिओ, आणि अडलं तर विचारायला शेजारी कुणी नाही. त्यात मुलागणिक वेगळं असं काहीच नव्हतं.

माझ्या डोळ्यासमोर दिल्लीतला प्रयोग आहे. २०१५ साली सरकारी शाळांतल्या, सहावी ते नववीच्या मुलांसाठी तो झाला. इच्छुक ६१९ मुलांतून चिठ्ठ्या टाकून निवड केली. निवडलेली मुलं आठवड्यातले सहा दिवस, शाळेव्यतिरिक्त, दीड तास केंद्रावर येत. त्यातली ४५ मिनिटं 'माइंडस्पार्क' या संगणक प्रणालीवर. ती आधी मूल कुठवर आलंय ते चाचपते आणि तिथूनच गणितं देते. उरलेली ४५ मिनिटं बारा-पंधरा जणांच्या गटात शिक्षकाबरोबर. पहिल्याच चाचणीत दिसलं की सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आहेत, आणि एकाच वर्गात पाच-सहा इयत्तांचं अंतर आहे. अशा वर्गात पुस्तकाचं एकच पान सगळ्यांपुढे उघडायचं म्हणजे मागच्या बाकांवरच्या मुलांना रोज नुसतं बसवून ठेवणं. शिक्षक कितीही जीव तोडून शिकवो, एका तासात सहा इयत्ता शिकवता येत नाहीत.

साडेचार महिन्यांनी चिठ्ठीत नाव न आलेल्या मुलांच्या तुलनेत ही मुलं गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनानं (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत, त्याचं हे माप) पुढे गेली. एवढ्या थोड्या काळात ही झेप मोठी आहे. मात्र संगणक आणि छोटा गट दोन्ही एकत्र होते, एकट्या यंत्राला श्रेय देता येत नाही. माझं म्हणणं नेमकं तेच आहे. कोण कुठे अडलंय ते शोधणं आणि पुन्हापुन्हा सराव देणं यंत्राकडे सोपवलं, तर हातचा का घ्यायचा हे समजावायला बाईंना वेळ मिळेल.

तुमची भीती मात्र निराधार नाही. गुजरातमध्ये 'ज्ञानशाला' या संस्थेच्या वर्गांत असाच प्रयोग दोन तऱ्हांनी झाला. शाळेच्या वेळेत, शिकवण्याच्या तासांच्या जागी संगणक दिला तिथे मुलं संगणक न मिळालेल्या मुलांपेक्षाही कमी शिकली. शाळेनंतर जादा तास म्हणून दिला तिथे फायदा झाला. म्हणून कुठल्याही शाळेनं संगणकाच्या जोरावर शिक्षकाचा तास काढून घेतला, तर तुमच्याबरोबर मीही विरोध करीन.

प्रत्येकाला स्वतंत्र पडदा लागतो असंही नाही. वडोदऱ्याच्या पालिका शाळांत सरकारनं दिलेले संगणक फारसे वापरलेच जात नव्हते. 'प्रथम' संस्थेनं तिथल्या चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका यंत्रावर दोघं, असं बसवलं आणि गणितात चांगला फरक पडला. आपल्याकडेही कुलूपबंद संगणक कक्ष तुम्ही पाहिलेच असतील.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला ती सगळ्यात जास्त सलते. दिल्लीतल्या त्याच मुलांचे शाळेच्या परीक्षेतले हिंदीचे गुण वाढले, गणिताचे एकंदरीत वाढले नाहीत. साहजिक आहे. सातवीतला मुलगा तिसरीचा भागाकार शिकून चौथीच्या अपूर्णांकांवर आला, तरी घटक चाचणी विचारणार सातवीचंच, आणि तिथे तो नापासच दिसणार. त्याला, त्याच्या आईला आणि बाईंना वाटणार की सगळी मेहनत वाया गेली. म्हणून अशा मुलांच्या प्रगतिपुस्तकात इयत्तेच्या गुणांशेजारी जूनमध्ये तो कुठे होता आणि आज कुठे आहे याचीही नोंद असावी, असं मला वाटतं. तुम्ही मुख्याध्यापक म्हणून किती तरी प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या असतील. ही नोंद कशी लिहिली तर पालकांना कळेल, तेवढं मला सांगाल का?