आधी म्हातारा मारा, मग वाडा बघा

मालिका लिहायला घेतलीत ना? खूनही हवा आणि भूतही हवं, असंच ना? मग पहिल्याच भागात म्हातारा मारा.

म्हातारा कसाही चालत नाही. तापट हवा. नुसता खाकरला तरी पडवीतलं कुत्रं उठून खळ्यात जाईल असा हवा. आणि मुख्य म्हणजे सगळी जमीन त्याच्या एकट्याच्या नावावर हवी. त्याचं आजारपण दाखवत बसू नका. आजारपण दाखवलं की प्रेक्षकाला कणव येते, आणि कणव आली की मेल्यावर त्या माणसाची भीती वाटत नाही. 'रात्रीस खेळ चाले'वाल्यांनी हे ओळखलं होतं. २०१६च्या फेब्रुवारीत झी मराठीवर रात्री साडेदहाला मालिका सुरू झाली आणि नाईकांच्या वाड्यातले अण्णा सुरुवातीलाच गेले.

गेले म्हणजे तरी काय? २०१९ला दुसरं पर्व आलं, गोष्ट मागच्या काळात नेली आणि अण्णा धडधाकट होऊन फिरायला लागले. त्या पर्वात माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता यांनी घराघरात असा मुक्काम ठोकला की खून कोणाचा आणि कोणी केला हे विचारायलाही लोक विसरले. २०२१ला तिसरं पर्व आलं, त्यात दोघंही भुतं होऊन हजर. मेल्यावर माणसाची इतकी भरभराट महाराष्ट्रात आणखी एकाच ठिकाणी होते: सातबाऱ्यावर. आमचे पणजोबा तिथे अजून शेती करतात.

तर म्हातारा झाला. आता वाडा.

सेट बांधायच्या भानगडीत पडू नका. फिल्मसिटीतलं प्लायवूडचं जोतं कितीही रंगवलं तरी त्याच्यावर शेवाळ येत नाही. नाईकांचा वाडा सावंतवाडीजवळच्या आकेरीत सापडला. खरं घर, खरी कौलं, खरी झाडं. पुढे पुढे तर लोक गाडी वाकडी करून तो वाडा बघायला जायला लागले. रस्त्यात आकेरीचं रामेश्वराचं देऊळ लागतं, जुनं आहे, बघण्यासारखं आहे. पण देवळात शेवंता नाही.

वाडा निवडताना एक बघा: तो बंद असावा. कोकणातलं बंद घर आधीच निम्मं काम करून ठेवतं. चाकरमानी चतुर्थीच्या दोन दिवस आधी येतो, गंजलेल्या कुलपात खोबरेल ओततो, दार ढकलतो. आत वर्षभराचा अंधार साठलेला असतो आणि त्याला वाळवीचा, वटवाघळांच्या लेंड्यांचा आणि गेल्या साली विसरलेल्या तांदळाचा वास असतो. माळ्यावर कोणीतरी चालत असतं. तुमच्या ध्वनिवाल्याला सांगा, ते रेकॉर्ड कर आणि गप घरी जा. ते उदमांजर आहे हे प्रेक्षकाला सांगायची गरज नाही.

आता भुताची निवड. इथे नवशिके फसतात. तळकोकणात भुतांची टंचाई नाही. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुंजा आहे, बाळंतपणात गेलेलीची हडळ आहे, पाण्यात ओढणारा गिरा आहे, ब्रह्मसमंध आहे, खवीस आहे. यातलं कोणतंही घ्या, फक्त देवचार घेऊ नका. देवचार म्हणजे गावाचा राखणदार. रात्री वाट चुकलेल्याला उजेड दाखवून त्याच्या दारापर्यंत पोचवतो, अशी त्याची ख्याती. असल्या सज्जन भुताचा मालिकेला उपयोग काय? तो नायिकेला पहिल्याच रात्री सुखरूप घरी आणून सोडेल आणि तुमचे अडीचशे भाग बुडतील. त्यापेक्षा पांढरी साडी बरी. ती कोणत्या भुताची, हे कोणी विचारत नाही.

भुताला कामं मात्र नेमून द्या. दिवे घालवणं, झोपाळा हलवणं, विहिरीवरचा रहाट मध्यरात्री फिरवणं एवढ्यावर ठेवा. भूत चहाचे कप धुवायला लागलं तर सुनांना त्याची भीती राहणार नाही.

भूत आलं की पोलीस येणारच. प्रेताशेजारी उभं राहून 'कुणीही गाव सोडून जायचं नाही' म्हणायला एक इन्स्पेक्टर लागतो. नाईकांकडे विश्वासराव होते. तुम्हीही एखादा राव आणा, पण त्याला कामाला लावू नका. खऱ्या आयुष्यात असं होतं, की विहिरीत प्रेत सापडलं की आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, आणि डॉक्टरांना शंका आली तर व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. बुडून मेला की मारून टाकला हे बघायला हाडांच्या मगजात पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ पोचलंय का, हेही तपासतात. जिवंत माणूस बुडताना पाणी छातीत घेतो आणि वाहतं रक्त ते शेवाळ अंगभर नेतं. मेलेल्याचं रक्त कुठे वाहत नाही. आता सांगा, एवढं सगळं इन्स्पेक्टरने केलं तर भगताने काय करायचं? तेव्हा तुमच्या रावाला नुसतं येऊ द्या, गॉगल काढू द्या, सुनेकडे रोखून बघू द्या आणि जाऊ द्या. आणि हो, १ जुलै २०२४पासून खुनाचं कलम १०३ झालंय. तरी त्याच्या तोंडी तीनशे दोनच ठेवा. 'तुला एकशे तीन लावीन' म्हटलं तर प्रेक्षकाला ताप चढल्यासारखा वाटेल.

हिंदीत एका माणसाने भूत आणि पोलीस यांची स्वतंत्र घरं मांडून दिली होती. बी. पी. सिंग. सोनीवर १९९५ला 'आहट' आणि १९९८ला 'सीआयडी'. इकडे दार किलकिलायचं, तिकडे दया ते तोडायचा. (आपले शिवाजी साटम हाताची बोटं फिरवत 'कुछ तो गडबड है' म्हणायचे, तेव्हा आमच्या आजीला खुनी कळलेला असायचा.) याच 'सीआयडी'ने २००४मध्ये १११ मिनिटांचा एक भाग एकही कट न घेता चित्रित केला. त्याचं नाव होतं 'द इनहेरिटन्स', म्हणजे वारसा! तुम्ही असला वेडेपणा करू नका. १११ मिनिटांत तर तुमची थोरली सून माजघरातून न्हाणीघरापर्यंत पोचता कामा नये. तिने कंदील घ्यावा, थांबावं, वळावं. मग प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीन तीनदा कॅमेरा जावा, घरात नसलेल्यांच्यासुद्धा. मग दार करकरावं. मग जाहिरात. जाहिरातीनंतर कळावं की दारात पोस्टमन आहे. रात्री अडीचला पोस्टमन कसा, हे पुढल्या आठवड्यात.

धागे सुटले तर घाबरू नका, घरात एक विसराळू गडी ठेवा. ही युक्ती मला फार आवडते. नाईकांकडचा पांडू जे सांगायचं तेच नेमकं विसरायचा, आणि तो पांडू साकारला होता मालिकेचे संवाद लिहिणाऱ्या प्रल्हाद कुडतरकरांनीच. यापेक्षा प्रामाणिक सोय माझ्या बघण्यात नाही. गोष्ट कुठवर आलीय हे ज्याला ठाऊक, त्यानेच पडद्यावर येऊन 'इसारलंय' म्हणायचं. बाकीच्या मालिकांचे लेखकही विसरतात, पण स्वतःचं तोंड दाखवत नाहीत.

भाषेचा प्रश्न सोपा आहे. मालवणी घ्या. मालवणीत साधं 'जेवलंस काय?' विचारलं तरी मुंबईच्या प्रेक्षकाला त्यात काहीतरी गूढ ऐकू येतं. फक्त सगळ्यांना सारखीच बोलू देऊ नका. शिकलेला मुलगा पुण्याचं बोलेल, म्हातारी मालवणी बोलेल, आणि भूत हिंदाळलेलं मराठी बोलेल.

मालिका चालली की लोक चिडतील. 'रात्रीस खेळ चाले'च्या वेळीही कोकणातून आवाज उठला होता की ही मालिका अंधश्रद्धा पसरवते आणि आमच्या गावांची बदनामी करते. त्यावर उपाय म्हणजे पाटी. मालिकेच्या आधी, नखाएवढ्या अक्षरांत, तीन सेकंद: आम्ही अंधश्रद्धेचं समर्थन करत नाही. मग तेवीस मिनिटं लिंबू, बाहुली, टाचण्या. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा तुम्हाला काही करणार नाही. तो अंगात आल्याचं सोंग करून लोकांना नाडणाऱ्या खऱ्या बाबांसाठी आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आहे त्यात. मात्र तो कायदा व्हावा म्हणून अठरा वर्षं झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ला पुण्याच्या पुलावर गोळ्या घालून मारले गेले, आणि त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला. ही गोष्ट तुमच्या मालिकेत घालू नका. तिच्यात एकही भूत नाही आणि भीती फार वाटते.

आता राहिला हेतू. भाग संपत आले, वाहिनीने गाशा गुंडाळायला सांगितलं, की कोणाला तरी खुनी ठरवावंच लागतं. इथे डोकं लढवायची गरज नाही. जमीन. कोकणात खुनाला, भुताला आणि भावाभावांच्या अबोल्याला एकच कारण पुरतं. म्हातारा मृत्युपत्र न करता गेला, सात वारस लागले, एकाची सही होत नाही म्हणून सहा जणांचं अडलं. आंब्याची कलमं सामाईक, विहीर सामाईक, देव्हारा सामाईक; भांडण तेवढं प्रत्येकाचं स्वतंत्र. अशा घरात भूत उठवणं म्हणजे दिवाणी दाव्यापेक्षा किती स्वस्त! वकील नको, तारीख नको, मुद्रांक नको. 'मागल्या परड्यात बाई दिसते' एवढं म्हटलं की त्या बाजूचे नारळ वीस वर्षं एकाच माणसाने पाडावेत.

एक सावधगिरी घ्या. २००५पासून मुलीही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतक्याच वाटेकरी झाल्यात. तेव्हा तुमच्या भुताने फक्त भावांना घाबरवून भागणार नाही, ठाण्याला आणि बेळगावला दिलेल्या बहिणींनाही धरलं पाहिजे. सोपा प्रसंग सांगतो: चतुर्थीची रात्र, बहीण माहेरी आलेली, आरती संपलेली, दिवे जातात. दिवे येतात तेव्हा तिच्यासमोर हक्कसोडपत्र असतं. वर पेन ठेवलेलं. भाऊ हळूच म्हणतो, 'ताई, तुझं माहेर तुटू नये म्हणून सांगतो.' पार्श्वसंगीत देऊ नका. लागणार नाही.

माझ्याकडेही एक गोष्ट आहे, पण तुमच्या कामाची नाही, पंधरा मिनिटांत संपते. आमच्या गावच्या घरामागे फणसाच्या पलीकडे जांभ्या दगडांचा गडगा, म्हणजे हद्दीवरची रचलेली भिंत, आहे. लहानपणी मे महिन्यात गेलो की मोठे काका बजावायचे, 'तिन्हीसांजेक थंय जाव नको हां. थंय आसा.' 'काय आसा, काकानू?' 'इचारूचा नाय.' काकांना ते शेजारच्या आजोबांनी सांगितलेलं. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणे. आम्हीही ऐकलं आहे. अमावास्येच्या आसपास दगडावर दगड आपटल्याचा आवाज यायचा, आणि गडग्याशी एक उजेड खालीवर हलायचा. आम्ही भावंडं एकाच गोधडीत तोंड घालून पडायचो. काकू देवापुढे दिवा लावायची. दर वर्षी रवळनाथाला नारळ ठेवून काका गाऱ्हाणं घालायला लावायचे आणि सगळे मिळून 'होय म्हाराजा' म्हणायचे. पण फणसाच्या पलीकडे कोणी पाऊल टाकलं नाही. फणस आमचा होता, तरी खालचे पडलेले फणससुद्धा कोणी आणले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मोजणी लावली. भूकरमापक आला, यंत्र तिकाटण्यावर लावलं, नकाशा काढला आणि गडग्याच्याही पलीकडे, शेजाऱ्यांच्या बाजूला आत जाऊन चुन्याची खूण केली. गडगा आमच्या जागेत अकरा फूट सरकला होता. एका रात्रीत नाही. दर वर्षी थोडा थोडा, अमावास्येला, बॅटरीच्या उजेडात.

काका ऐंशीच्या घरातले. काठीवर दोन्ही हात ठेवून ते चुन्याच्या खुणेकडे बघत राहिले. शेजारचे आजोबा केव्हाच वारलेत. त्यांचा मुलगा तिथेच उभा होता, लुंगी वर खोचून. तो काही बोलला नाही. मापकाने सामान आवरलं, चहा झाला, आणि आम्ही गडगा कधी हलवायचा याची बोलणी काढली तेव्हा तो जवळ आला आणि अगदी काळजीने म्हणाला, 'हलवा, पण रात्रीचे थंय जाव नकात हां. आमचे बाबा दिसतत थंय.'