‘किती लहान?’ एवढंच तर विचारलं होतं

परवा रात्री अकराला मामांनी घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. वर तीन लाल दिवे, खाली ‘प्रत्येक आईबापापर्यंत पोहोचवा’. असले मेसेज मी उघडतसुद्धा नाही. पण दहा मिनिटांत धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, हे खरंय ना गं? ह्यांना आज मेडिकलमध्ये अगदी असंच विचारलं. तापाचं औषध मागितलं तर म्हणे, मूल किती लहान? हे वैतागून तसेच परत आले. मग मी घरातलंच काढलं."

घरातलंच म्हणजे नेमकं काय, हे विचारेपर्यंत माझी झोप उडाली होती. त्यावर येतेच.

मेसेजचा सारांश असा: मुलांचं औषध देताना दुकानदार वय विचारतात, हा पालकांचा अपमान आहे. असा कायदाच नाही. मुलांची औषधं मुळात सौम्य असतात, थोडं इकडेतिकडे झालं तरी काही होत नाही. औषध नाकारलं तर मोठ्यांची गोळी अर्धी करून मधातून द्या. वय विचारून ही मंडळी तुमची माहिती कंपन्यांना विकतात. आणि परदेशात म्हणे असला छळ नसतो, तिकडे पालकांवर विश्वास ठेवतात.

मी फार्मासिस्ट आहे. बारा वर्षं काउंटरमागे उभी राहून हा प्रश्न रोज विचारते, त्यामुळे राग आलाय तो लपवत नाही.

सुरुवात ‘सौम्य’पासून करते, कारण बाकीचं नुसतं चुकीचं आहे, हे मात्र अंगाशी येणारं आहे. तापासाठी मुलांना जे दिलं जातं ते बहुतेक वेळा पॅरासिटामॉल. आपल्याकडे ते पातळ स्वरूपात साधारण तीन ताकदींमध्ये मिळतं. एक सिरप, ज्याच्या 5 एमएलमध्ये 125 मिलिग्रॅम असतं (काहींत 120). दुसरं त्याच्या दुप्पट, 5 एमएलमध्ये 250. आणि तिसरे तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स, ज्यांच्या 1 एमएलमध्येच 100 मिलिग्रॅम असतं. हे पुन्हा वाचा. सगळ्यात लहान बाळासाठीचं औषध सगळ्यात तीव्र असतं, साध्या सिरपच्या चौपट. कारण सरळ आहे, तान्हं बाळ चमचाभर औषध गिळत नाही, म्हणून थोड्या थेंबांत डोस बसवलेला असतो. आणि दुप्पट ताकदीच्या सिरपचे दोन चमचे, म्हणजे 10 एमएल, पोटात गेले तर ती मोठ्या माणसाची 500 ची अख्खी गोळी झाली. स्ट्रॉबेरीचा वास असला तरी.

आता बहिणीच्या घरी काय झालं ते. तिची मुलगी तेरा महिन्यांची, वजन दहा किलो. डॉक्टरांनी मागे 125 चं सिरप 6 एमएल द्यायला सांगितलं होतं. पॅरासिटामॉलचा डोस किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम धरतात, त्यामुळे 6 एमएलमधले 150 मिलिग्रॅम अगदी बरोबर. ते सिरप संपलं, दुकानातून नवीन आलं नाही, म्हणून तिने कपाटातून जुने ड्रॉप्स काढले. जुन्या सिरपचं झाकण घेतलं आणि त्यात 6 एमएल मोजून ओतले. "डोस बरोबरच घेतलाय गं, सहाच. झोपलीय, उठली की देते."

सहा एमएल ड्रॉप्स म्हणजे 600 मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलीला जेवढं अख्ख्या दिवसात विभागून द्यायचं, तेवढं एका घोटात. आणि ताप उतरला नसता तर सहा तासांनी पुन्हा तितकंच. मी फोनवरच तिला ते बेसिनमध्ये ओतायला लावलं आणि बाटलीचं लेबल मोठ्याने वाचायला लावलं. ‘1 एमएलमध्ये 100’ पर्यंत पोहोचल्यावर ती गप्प झाली.

पॅरासिटामॉल जास्त झालं की मूल लगेच निळं पडत नाही, आणि गोची तीच आहे. पहिल्या दिवशी थोडी उलटी, थोडी मरगळ, किंवा काहीच नाही. यकृतावरचा घाव पुढच्या दोन-तीन दिवसांत दिसायला लागतो. उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सर्वांत चांगला लागू पडतो, आणि त्या आठ तासांत आईबापांना मूल ठीकच वाटत असतं. ‘आम्ही तर नेहमी अंदाजाने देतो, काही झालं नाही’ हे वाक्य मी हजारदा ऐकलंय.

हा घोळ आपल्याकडचाच नाही. अमेरिकेतही बाळांचे तीव्र ड्रॉप्स आणि मोठ्या मुलांचं सिरप असे दोन प्रकार होते, आणि तिथले आईबापही तशीच गल्लत करायचे. शेवटी 2011 मध्ये तिथल्या उत्पादकांनी तीव्र ड्रॉप्स बंद करून सगळ्या मुलांसाठी एकच ताकद ठेवायचं ठरवलं, 5 एमएलमध्ये 160 मिलिग्रॅम. आपल्याकडे तिन्ही ताकदी एकाच फळीवर उभ्या असतात. गिऱ्हाईक ‘लहान मुलाचं तापाचं द्या’ एवढंच म्हणतं तेव्हा माझ्यासमोर तीन बाटल्या असतात. ‘किती लहान?’ हे विचारल्याशिवाय हात कुठल्या बाटलीकडे न्यायचा, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

अर्ध्या गोळीचा सल्ला तर कोणी शुद्धीत दिला असेल असं वाटत नाही. हल्ली घरोघरी असते ती गोळी 650 ची. अर्धी केली की 325. दहा किलोच्या मुलाला लागतात फार तर 150. म्हणजे अर्धी करूनही दुपटीच्या वर. शिवाय गोळी नखाने मोडली की दोन भाग समान होतात हे फक्त सिनेमात. सर्दीची गोळी असेल तर तिच्यात पॅरासिटामॉलबरोबर आणखी दोन-तीन औषधं असतात, ती मुलाला चालतात का हे कोणी बघत नाही. आणि मध! एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवूच नये, त्यातून बोट्युलिझम ही जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते, हे बालरोगतज्ज्ञ सांगून थकले. एका वाक्यात दोन चुका बसवणं हेही कौशल्यच म्हणायचं.

कायद्याचा मुद्दा. इथे मला थोडी माघार घ्यावी लागणार, घेते. पॅरासिटामॉलची बाटली विकत घेणाऱ्या आईबापांच्या वयाचा पुरावा मागायचा कायदा आपल्याकडे नाही. कोणी तुमच्याकडे आधार कार्ड मागितलं असेल तर तुम्ही चिडलात ते बरोबर. पण मेसेजने दोन वयांची खिचडी केली आहे. घेणाऱ्याचं वय वेगळं आणि ज्याच्या पोटात औषध जाणार त्याचं वेगळं. दुसऱ्या वयाबद्दल नियम ढीगभर आहेत. निमेसुलाइड हे ताप-दुखण्याचं औषध बारा वर्षांखालील मुलांना द्यायला 2011 पासून बंदी आहे. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन हे सर्दीचं जोडऔषध चार वर्षांखाली देऊ नये असं लेबलवर छापा, हा औषध नियंत्रकांचा आदेश डिसेंबर 2023 चा. खोकला-सर्दीची औषधं दोन वर्षांखालील मुलांना देऊच नका आणि पाच वर्षांखाली सहसा नको, ही केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाची सूचना 3 ऑक्टोबर 2025 ची. ॲस्पिरिनचं तर जगजाहीर आहे, रेय सिंड्रोममुळे, म्हणजे मुलांच्या मेंदूवर आणि यकृतावर घाला घालणाऱ्या दुर्मिळ आजारामुळे, ब्रिटनमध्ये सोळा वर्षांखाली ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देत नाहीत. हे सगळे नियम मुलाच्या वयावर उभे आहेत. वय न विचारता ते पाळायचे कसे? डोळे मिटून? रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम आहे, असं 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये स्पष्ट आहे. मी विचारते ते चौकशीखोर म्हणून नाही.

आणखी एक कबुली. काही ठिकाणी काउंटरवर फार्मासिस्ट नसतोच, कालपरवा लागलेला पोरगा असतो, आणि तो हा प्रश्न पोलिसी थाटात विचारतो. का विचारतोय ते सांगत नाही. आणि नुसतं वय विचारणं हे अर्धवटच आहे, खरं तर वजन विचारायला हवं. एकाच वयाच्या दोन मुलांत तीन-चार किलोंचा फरक सहज असतो. वय आपण विचारतो कारण ते प्रत्येकाला पाठ असतं, वजन विचारलं की बाप बायकोला फोन लावतो. तेव्हा बहिणीचा नवरा वैतागला त्यात त्या दुकानातल्या माणसाचीही थोडी चूक असणार, मी तिथे नव्हते.

माहिती विकण्याबद्दल काय बोलायचं. काउंटरवर तोंडी सांगितलेलं ‘तेरा महिने’ मी कुठे लिहून ठेवत नाही. आणि ज्यांनी पहिल्या वाढदिवसाचे चाळीस फोटो नाव, तारीख आणि केकसकट जगाला दाखवलेत, त्यांनी ही भीती मला घालू नये.

राहिलं परदेश. हे तर अगदी उलटं आहे. ब्रिटनमध्ये पॅरासिटामॉल घेणाऱ्याच्या वयाचा कायदा नाही, तरी अनेक दुकानं स्वतःच्या नियमाने सोळा वर्षांखालच्यांना देत नाहीत आणि तरुण दिसणाऱ्या गिऱ्हाइकाला ओळखपत्र मागतात. मुलांचं सिरप घेणाऱ्या तरुण आयांनाही. (तिथे मी असते तर मीही चिडले असते.) कॅलिफोर्नियात डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध अठरा वर्षांखालच्यांना चिठ्ठीशिवाय विकायला 2012 पासून बंदी आहे, कारण पोरं ते नशेसाठी पितात. अमेरिकेत स्यूडोएफेड्रिनच्या सर्दीच्या गोळ्या 2006 पासून काउंटरमागे असतात. मोठ्या माणसालाही फोटोचं ओळखपत्र दाखवून वहीत सही करावी लागते. विश्वास ठेवतात म्हणे!

आणि असल्या अडवणुकीने काय होतं, असं ग्रुपवर एका भावाने विचारलं, त्याच्यासाठी हे. सप्टेंबर 1998 मध्ये ब्रिटनने पॅरासिटामॉलच्या पाकिटाचा आकार कायद्याने लहान केला, साध्या दुकानात 16 गोळ्या, फार्मसीत 32. लोकांनी तेव्हाही कटकट म्हणून नाकं मुरडली. 2013 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यावरचा अभ्यास आला. इंग्लंड आणि वेल्समध्ये अकरा वर्षांत पॅरासिटामॉलच्या अतिडोसाने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा 43 टक्क्यांनी कमी झाले होते. तो अभ्यास पाकिटाच्या आकाराचा आहे, वय विचारण्याचा नाही, आणि मुलांचाही नाही, हे मला ठाऊक आहे. पण काउंटरवरच्या अर्ध्या मिनिटाच्या कटकटीने काही फरक पडत नाही, हे तरी त्याच्यापुढे टिकत नाही.

त्याच भावाचा पुढचा प्रश्न मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याचा होता. 2025 मध्ये कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपने वीसहून जास्त मुलं गेली, तिथे वय विचारून काय वाचलं असतं? भेसळीपासून काही नाही. त्या बाटलीत 48.6 टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, मर्यादा 0.1 टक्का असते, ते विष कुठल्याही वयात विषच. तो गुन्हा कारखान्यातला आणि तपासणीतला. पण ते सिरप ज्या जोडऔषधाचं होतं, त्यात क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन होतं. चार वर्षांखाली नको असा आदेश निघालेलं तेच. गेलेली बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली. त्या साखळीत एका तरी ठिकाणी कोणीतरी ‘मूल किती लहान?’ विचारून बाटली परत फळीवर ठेवली असती तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

हे सगळं मी ग्रुपवर एवढ्या लांबीने लिहिलेलं नाही. तिथे फक्त तिन्ही बाटल्यांच्या लेबलांचा फोटो टाकला, आकड्यांना लाल गोल करून. बहिणीने सकाळी 125 चं सिरप आणवलं, ड्रॉप्सची बाटली टाकून दिली आणि फ्रिजच्या दारावर ‘10 किलो, 6 एमएल, 125 वालंच’ अशी चिठ्ठी चिकटवली. मुलीचा ताप दुपारी उतरला.

मामांचा मेसेज अजून तिथेच आहे. त्याला सात अंगठे आलेत. त्यातला एक बहिणीच्या नवऱ्याचा.