बेख्तेरेव, स्टालिन आणि विषाचा प्याला

सेंट पीटर्सबर्गच्या बेख्तेरेव मनोविकार व मज्जाविकार संशोधन संस्थेबद्दलचा एक फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: माणसांच्या मेंदूवर ताबा मिळवायला स्टालिनने ही संस्था काढली, संस्थापक व्लादिमीर बेख्तेरेव यांनी त्याला तपासून 'पॅरानॉइया' (सतत संशय घेण्याचा मनोविकार) असं निदान केलं, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांना विष घातलं, पुढे तिथेच सरकारविरोधकांना वेडं ठरवून डांबलं.

पहिलं विधान तारखेलाच आपटतं. संस्था १९०७ची, झारच्या काळातली, आणि जमीनही निकोलस दुसऱ्याने दिलेली. स्टालिन तेव्हा झारच्या पोलिसांना चुकवत हिंडत होता. इतर विद्यापीठांत मुली आणि ज्यू मुलांची वाट अडवली जायची. इथे दार उघडं होतं. झिगा व्हेर्तोव्ह हा पुढे गाजलेला चित्रपटकार इथलाच विद्यार्थी. १९१३मध्ये कीव्हच्या मेंडेल बेलिस या ज्यू माणसावर धर्मविधीसाठी मूल मारल्याचा खटला चालला, तेव्हा बेख्तेरेव बचावपक्षाचे तज्ज्ञ म्हणून उभे राहिले. झारच्या राजवटीत हे सोपं नव्हतं.

विरोधकांना डांबल्याचं म्हणाल, तर गुन्हा खरा, पत्ता चुकला. 'मंदगती स्किझोफ्रेनिया' हे ठळक लक्षणं नसतानाही लावता येणारं लवचीक निदान मॉस्कोचे मनोविकारतज्ज्ञ स्नेझ्नेव्स्की यांच्या पंथाचं आणि अशा तपासण्यांसाठी बदनाम झाली ती मॉस्कोचीच सर्ब्स्की संस्था. लेनिनग्राडचे (सेंट पीटर्सबर्गचं सोव्हिएत काळातलं नाव) मनोविकारतज्ज्ञ या निदानाकडे साशंकतेने बघत. अर्थात शहर काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं: तिथल्या आर्सेनाल्नाया रस्त्यावरच्या विशेष मनोरुग्णालयात सोव्हिएत सरकारवर टीका करणाऱ्या जनरल ग्रिगोरेंकोंना ठेवलं होतं. पण ते गृहखात्याचं. बेख्तेरेव संस्थेचं नव्हे.

राहिलं विष. बेख्तेरेव डिसेंबर १९२७मध्ये अधिवेशनासाठी मॉस्कोत होते, नाटकाला गेले, पोट बिघडलं आणि २४ तारखेला वारले. वय ७०. पूर्ण शवविच्छेदन न करता मेंदू तेवढा काढून घेतला आणि दहन उरकलं. यावर संशय येणारच, मलाही येतो. पण मेंदू काढण्यात वावगं काय? थोरांचे मेंदू जतन करायचं संग्रहालय असावं, ही कल्पना त्याच वर्षी खुद्द बेख्तेरेवांनीच मांडली होती! आणि 'सुकलेल्या हाताच्या एका पॅरानॉइयाच्या रुग्णाला तपासून आलो' हे त्यांच्या तोंडचं वाक्य (स्टालिनचा डावा हात अधू होता, म्हणून रोख त्याच्याकडे)? ऐकीव. त्यांची नात, मेंदूशास्त्रज्ञ नताल्या बेख्तेरेवा, यांनीच १९९०च्या दशकात सांगितलं की आजोबा असं काही बोललेच नव्हते. स्टालिनला वेडा ठरवायची तेव्हा लाट होती. विष नव्हतंच, असं यातून सिद्ध होत नाही. पण 'निदान केलं म्हणून मारलं' यातल्या 'म्हणून'ला आधार उरत नाही.

या घराण्यातला ज्याबद्दल वाद नाही असा खून फॉरवर्डमध्ये नाहीच. बेख्तेरेवांचा मुलगा प्योत्र, पेशाने इंजिनिअर, १९३७मध्ये पकडला गेला आणि १९३८मध्ये त्याला गोळी घातली. त्याची १३ वर्षांची मुलगी अनाथालयात वाढली. तीच ही नताल्या.