खुलासा : एआयने सांगितलेल्या फवारणीने केळीवरचा ‘हरण्या’ बरा होत नाही

रावेर-यावलच्या शेतकरी ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : केळीच्या पानाचा फोटो एआयला पाठवा, ते सांगेल ते औषध फवारा, आठ दिवसांत हरण्या गायब. कृपया हा मेसेज पुढे पाठवू नका.

हरण्या हा केळीवरचा विषाणूजन्य रोग; तो सीएमव्ही म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस या विषाणूमुळे होतो. हा विषाणू एकदा झाडात शिरला की त्याला मारणारं औषध नाही, मग ते एआय सांगो की दुकानदार. तो मुख्यतः मावा किडीतून आणि रोगट रोपांतून पसरतो. म्हणून रोगट झाड मुळासकट उपटून नष्ट करायचं, माव्याचा बंदोबस्त करायचा, बागेत आणि आजूबाजूला काकडी, भोपळा, मिरची घ्यायची नाही आणि तण वाढू द्यायचं नाही. फवारणी होते ती माव्यावर, विषाणूवर नव्हे. ‘बरा होईल’ म्हणून वाट पाहिली, तर तेवढ्या दिवसांत शेजारची झाडंही जातात. माझा खरा राग इथे आहे.

एआय निरुपयोगी आहे असं मात्र नाही. पानावरचे पिवळे पट्टे पाहून ते संशय लवकर दाखवतं, आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मध्यरात्रीही उत्तर देतं. पण असेच पट्टे अन्नद्रव्यांच्या कमतरतेनेही पडतात, फोटोवरून फरक चुकू शकतो. खात्री प्रयोगशाळेतल्या तपासणीनेच होते. शंका आली तर जळगावच्या केळी संशोधन केंद्राला किंवा तालुका कृषी कार्यालयाला विचारा, आणि नवी लागवड करताना विषाणूमुक्त असल्याची तपासणी झालेलीच टिश्यूकल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं घ्या.